वरच्या बाथरूममधला टब: पाणी निघेना म्हणून केलेल्या कामाच्या नोंदी

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

डासांच्या सर्वेक्षणाला आशाताई आल्या होत्या. हौद, ड्रम, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं बघून झालं. वर टब आहे हे त्यांना आत्यांनीच, म्हणजे माझ्या सासूबाईंनीच, सांगितलं. ताईंनी टबात बॅटरी मारली आणि मला हाक मारली. डोकं टेकायच्या बाजूला बोटभर पाणी साचलेलं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास तयार होतो, हे मी दर पावसाळ्यात वर्गात शिकवते. आठवड्यातला एक कोरडा दिवस पाळा म्हणून फळ्यावर लिहिते. आमच्या टबाला शेवटचा वापर होऊन बारा दिवस झाले होते. रात्री मला झोप लागली नाही. हा टब एकदाचा नीट करायचा हे त्याच रात्री ठरवलं. कुणाला असंच काम निघालं तर उपयोगी पडतील म्हणून या नोंदी ठेवते आहे.

आधीची परिस्थिती सांगते. लातूरचं हे घर २०१९ मध्ये बांधलं. पुण्याचे भाऊजी म्हणाले, आईला गुडघ्यांचा त्रास आहे, हिवाळ्यात कोमट पाण्यात बसता येईल, एक टब घ्या. टब अॅक्रिलिकचा, साडेपाच फूट बाय अडीच फूट, पहिल्या मजल्यावर. दोन बाजूंना भिंत आणि दोन बाजूंना विटांचा कट्टा करून वरून टाइल लावलेली. बसवल्या दिवसापासून दोन तक्रारी: पाणी फार सावकाश जातं आणि शेवटचं पाणी जातच नाही. बसवणाऱ्याला तेव्हा दोनदा बोलावलं. "नवीन आहे, बसेल हळूहळू," असं सांगून तो गेला. मग आम्ही उरलेलं पाणी मगने आणि फडक्याने काढायचो. आत्यांना ते माझ्यावर टाकायला नको वाटायचं, म्हणून त्यांनी टबात बसणंच कमी केलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आधी मोजायचं ठरवलं. २० लिटरच्या पाच बादल्या ओतल्या, म्हणजे १०० लिटर. बूच काढलं आणि मोबाइलवर वेळ लावली. ३८ मिनिटं लागली. उरलेलं पाणी स्पंजने टिपून मोजलं तर साडेसहा लिटर भरलं. सगळ्यात खोल जागी २५ मिमी.

पुढच्या सगळ्या चाचण्या याच १०० लिटरवर केल्या. टब पूर्ण भरला तर दहा बादल्यांच्या वर लागतात आणि आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तेव्हा आम्ही जुन्या भाड्याच्या घरात होतो. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना पाणी नुसतं सोडून बघायला हात धजत नाही. त्यामुळेच हे घर बांधताना बाथरूमची लाइन वेगळी काढून मागच्या नारळाच्या आणि शेवग्याच्या आळ्यात सोडली आहे. चाचण्यांचं पाणी वाया गेलं नाही. फक्त चाचणीच्या दिवशी साबण वापरू दिला नाही.

संध्याकाळी खायचा सोडा, व्हिनेगर आणि वरून उकळतं पाणी. फेस आला. पुन्हा चाचणी घेतली, ३८ ची ३७ मिनिटं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानातून नळी साफ करायची पावडर आणली, १८० रुपये. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाकली. माझी चूक अशी झाली की टबात ते उरलेलं पाणी होतं. पावडर बुचाच्या भोकात जायच्या आधीच ओली होऊन जाळीवर तिचा दगडासारखा गोळा झाला. ती कॉस्टिक असते, पाण्यात तापते. गोळा काढताना हातमोज्याच्या वरच्या कडेतून थेंब आत गेला आणि मनगटाला भाजलं. टबाच्या तळाला हाताएवढा पांढुरका डाग पडला, तो अजून आहे. टबात पाणी उभं असेल तर पावडर अजिबात टाकू नका.

१ डिसेंबर, रविवार

रबरी पंप आणला, १५० रुपये. पंधरा मिनिटं दाबत बसले, काहीच होईना. मग कळलं की दाब वरच्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं पाणी जायच्या, भोकातून निघून जातोय. त्या भोकात ओलं फडकं घट्ट कोंबलं आणि पुन्हा दाबला. तिसऱ्या झटक्याला केसांचा आणि साबणाचा काळा लगदा वर आला, सोबत वाटाण्याएवढे राखाडी खडे. नखाने फुटेनात. सिमेंट होतं ते.

वेळ ३७ वरून २४ मिनिटांवर आली. उरलेलं पाणी मात्र तेवढंच, साडेसहा लिटर. इथे मला पहिल्यांदा लक्षात आलं की हे दोन वेगळे आजार आहेत. नळी कितीही साफ केली तरी भोकापर्यंत न पोचणारं पाणी भोकातून जाणार नाही. पाच वर्षं आम्ही आणि आलेला प्रत्येक माणूस फक्त भोकाकडे बघत होतो.

टबाच्या काठावर स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा काचेच्या टोकाला जाऊन चिकटला, म्हणजे टब तिरका.

७ डिसेंबर, शनिवार

शाळा सकाळची होती. दुपारी एका प्लंबरला दाखवलं. त्याचं म्हणणं असं की जुना पाइप विसरा, स्लॅबला भोक पाडून टबाखालून सरळ नवीन लाइन टाकू. भोकाची जागा त्याने पायाने दाखवली ती नेमकी बीमला लागून. आत्या दारात उभ्या होत्या. त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या माहेरच्या वाड्याचं माळवद खाली आलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बीमाला हात लावायचा नाही. मी टबात बसनाच, तर काय हुईल?"

त्याला बघायचे ३०० रुपये दिले. स्लॅबला भोक हा उपाय वहीतून खोडला. बीमजवळ भोक पाडायचं तर ते घराचं डिझाइन केलेल्या इंजिनिअरला विचारून, प्लंबरला विचारून नाही.

८ डिसेंबर, रविवार

आज मोठी चूक झाली. डोक्याची बाजू खाली गेली आहे तर ती थोडी उचलून खाली पाचर मारावी असं मला वाटलं. ह्यांनी गाडीचा जॅक आणला. कट्ट्याची एक टाइल काढून जॅक आत सरकवला आणि फिरवायला लागलो. टब भिंतीच्या टाइलखाली दाबून बसवलेला आहे हे आम्ही पाहिलंच नाही. चौथ्या फेऱ्याला कट् असा आवाज आला. भिंतीच्या दोन टाइल तडकल्या आणि टबाच्या काठाला चार बोटांची बारीक रेघ गेली. जॅक तिथेच सोडला.

टाइल तडकल्या म्हणून त्या रांगेकडे मी नीट बघितलं. टबाला लागून असलेली टाइलची शेवटची रांग उताराची कापलेली आहे. भोकाच्या बाजूला टाइलची उंची १९४ मिमी, डोक्याच्या बाजूला २४०. म्हणजे टब तिरका बसला हे बसवणाऱ्याला दिसलं होतं. ४६ मिमीचा फरक त्याने एकेक टाइल मोजून तिरकी कापत झाकला. त्या कापकामाला टब सरळ करण्याहून जास्त वेळ लागला असणार. रोज डोळ्यांसमोर असलेली ती रांग मी पाच वर्षं पाहिली, पण वाचली नव्हती. तुमच्या टबाचं पाणी उभं राहत असेल तर लेव्हल लावायच्या आधी काठावरच्या टाइलची उंची दोन्ही टोकांना मोजा.

१४ डिसेंबर, शनिवार

मोबाइलला लावायचा वायरवाला कॅमेरा मागवला होता, ७५० रुपये. या कामात सगळ्यात कारणी लागलेला पैसा हाच. जॅकसाठी काढलेल्या टाइलच्या जागेतून आत सोडला.

टबाखाली उघडायला कुठे दारच ठेवलेलं नाही, हे आधीच माहीत होतं. आत काय आहे ते आज कळलं. विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी गोणी, चुरगळलेला खोका, आणि सगळी वाळू ओली. कॅमेरा वळवून भोकाच्या बाजूला नेला. भोकाखाली एक ट्रॅप (वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा भाग), त्याला लावलेला वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप, तो मध्ये झोळीसारखा लोंबतोय आणि पुढे चढून नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, जातोय. म्हणजे टबाला एक ट्रॅप, झोळीत साचलेल्या पाण्याचा दुसरा आणि नहाणीचा तिसरा. दोन ट्रॅपच्या मध्ये हवा कोंडते, ती निघायला वाट नसते, म्हणून ते गुळगुळ आवाज करत थांबत थांबत जाणारं पाणी.

मग ओव्हरफ्लोची नळी शोधली. टबाच्या पाठीमागून खाली येते आणि हवेतच संपते. जोडलेलीच नाही. टब भरून त्यात माणूस बसला की वर चढलेलं पाणी त्या भोकातून थेट टबाखालच्या वाळूत जात होतं.

मी खाली देवघरात गेले. छताला ताटाएवढा ओलसर डाग आहे, पोपडे धरलेला. २०२२ मध्ये त्यासाठी वरच्या बाथरूमच्या सगळ्या फरशीच्या सांध्या पुन्हा भरून घेतल्या होत्या, ६,५०० रुपये गेले. डाग गेला नव्हता. टबातल्या त्या भोकाच्या बरोबर खाली आहे तो.

१५ डिसेंबर, रविवार

ग्राइंडरने कट्ट्याच्या टाइल कापल्या आणि वीट वीट काढत लांबीची पूर्ण बाजू मोकळी केली. सहा तास लागले. धूळ घरभर झाली. दाराला ओली चादर बांधायचं उशिरा सुचलं. टबाखालून तीन घमेली कचरा निघाला.

समोर सगळं उघडं झाल्यावर कारण एका नजरेत दिसलं. टबाच्या भोकाखाली ट्रॅप मावायला जागा कमी पडत होती. ट्रॅपला ७ सेंटीमीटर उंची लागते. ती मिळावी म्हणून टबाची तीच बाजू विटा घालून वर उचलली. पाणी जायची बाजू वर, डोक्याची बाजू खाली. ज्या ट्रॅपसाठी हे केलं त्या ट्रॅपची गरजच नव्हती, कारण पुढे हातभर अंतरावर नहाणी ट्रॅप आहेच आणि वास अडवायचं काम तो करतोच.

म्हणजे ट्रॅप काढला की टब खाली येईल आणि पाण्याची वाटही मोकळी होईल. वहीत आकृती काढली. रात्री ह्यांना दाखवली तेव्हा हे म्हणाले, "मग त्या प्लंबरने स्लॅब कशाला फोडायला लावला असता?"

२१ डिसेंबर, शनिवार

गंजगोलाईतल्या हार्डवेअरच्या दुकानदाराने एका वयस्क मिस्त्रींचा पत्ता दिला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. रोज १,००० रुपये. आल्या आल्या त्यांनी काहीही न उघडता खाली बसून पंधरा मिनिटं नुसतं पाहिलं. मग माझी वही मागितली आणि म्हणाले, "मॅडम, ट्रॅप निकालना बरोबर आहे. पण आधी मापं परत घेऊ. स्पिरिट लेव्हल एवढ्या लांबीला खोटं बोलते."

टबाच्या दोन टोकांतल्या फरकाचं मी लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) घेतलेलं माप ५४ मिमी होतं आणि टाइलच्या फरकाशी जुळत नव्हतं. चाचांनी पाइप उजेडाकडे धरला. आत हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा अडकलेला. टिचक्या मारून तो वर काढला आणि पुन्हा मोजलं, ४६. टाइल खरं सांगत होती.

जुना ट्रॅप आणि लवचीक पाइप काढला. वळ्यांमध्ये साबणाचा थर इतका होता की दीड इंची पाइपमधून करंगळी जाईना. टबाच्या भोकापासून नहाणी ट्रॅपच्या बाजूच्या तोंडापर्यंत ११० सेंटीमीटर. दर ४० ला १ असा ढाळ धरला तर २८ मिमी उतार हवा, तो टब खाली घेतल्यावरही मिळत होता. ४० मिमीचा सरळ पीव्हीसी पाइप, काटकोनी एल्बोऐवजी ४५ चे दोन बेंड आणि ओव्हरफ्लो जोडायला टी.

इथे दोन फिटिंग माझ्या घाईने वाया गेली. चाचा चहाला गेले तेवढ्यात मी बेंड सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचा द्रव) लावून बसवला. आधी कोरडा जोडून खूण करायला हवी होती. तोंड अंगठ्याएवढं फिरलं आणि सोल्युशनने अर्ध्या मिनिटात धरलं. कापून टाकावं लागलं, १४० रुपयांचं सामान. चाचा रागावले नाहीत. त्यांनी सगळे तुकडे कोरडे जोडले, प्रत्येक सांध्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारली, मग एकेक सोडवून सोल्युशन लावलं आणि रेघेला रेघ जुळवली.

२२ डिसेंबर, रविवार

टब अजून तिरकाच, पण पाइप नवा. बघू तर म्हणून १०० लिटर सोडले. दीड मिनिटात नहाणीच्या जाळीतून पाणी उसळून बाथरूमभर झालं. आत्या खालून ओरडल्या, "काय करायलीस गं वर? जिन्यावरून पाणी यायलंय!"

टबाकडून आता पाणी जोरात येत होतं, पण नहाणी ट्रॅपला ते पुढे ढकलता येईना. म्हणजे अडथळा तिथेही होता, फक्त आधी टबाचाच पाइप इतका तुंबलेला होता की तो उघडा पडला नाही. जाळी काढली. ट्रॅपची वाटी काढायला अर्धा तास गेला, क्षाराने ती बसून गेली होती. लिंबूसत्त्वाचं गरम पाणी ओतून वीस मिनिटं थांबलो तेव्हा सुटली. कडक अॅसिड वापरलं नाही. त्याने जाळीचं क्रोम जातं आणि शिंतोडे टबावर उडाले तर अॅक्रिलिक खराब होतं.

वाटीखाली हात घातला तर तळ हाताला लागायच्या आधीच सिमेंट लागलं. टाइलचं काम करताना घमेली आणि थाप्या तिथेच धुतलेल्या, सगळा माल ट्रॅपच्या तळाला जाऊन बसलेला. अर्धी जागा त्यानेच अडवली होती. चाचांनी बारीक छन्नीने कोपऱ्यातून सुरुवात केली. एकेक टोल्याला मनगट थांबवत होते, कारण ट्रॅप फुटला तर सगळी फरशी उकरावी लागली असती. मी चमच्याने खडे वर काढत होते. दोन तासांनी शेवटचा तुकडा सुटला, तो अखंड निघाला. बशीसारखा, एका बाजूला ट्रॅपची गोलाई उमटलेली. मी तो ठेवून दिला आहे.

पुन्हा १०० लिटर. ३ मिनिटं ४० सेकंद. चाचांनी वेळ दोनदा विचारून घेतली.

जाताना ते म्हणाले की टब आणि नहाणी ट्रॅपच्या मधल्या हातभर पाइपला आता स्वतःचं पाण्याचं कुलूप नाही, तेव्हा साबणाचा वास थोडा येऊ शकतो. आठवड्याला एक बादली गरम पाणी सोडा आणि बूच लावून ठेवा. हा या पद्धतीचा तोटा आहे आणि तो मी मान्य करून घेतला आहे.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. गवंडी आणि सोबत एक मजूर. टबाच्या सिलिकॉनवर ब्लेड फिरवून तो भिंतीपासून सोडवला. रिकामा टब दोघांनी सहज उचलला. भोकाखालच्या विटा काढून टब खाली घेतला. लेव्हल पाइपने चारही कोपरे तपासले, भोकाची बाजू मुद्दाम ३ मिमी खाली ठेवली. टबाच्या तळाला कारखान्यातूनच भोकाकडे थोडा ढाळ असतो, तेव्हा काठ लेव्हलमध्ये आला की काम होतं.

१०० लिटर सोडले. पाणी गेलं. वाकून तळावर हात फिरवला. थेंब थेंब चिकटलेले, बाकी काही नाही. काठावरची रेघ आतून दुरुस्तीच्या पेस्टने भरली. मला वाटलं झालं काम.

२८ डिसेंबर, शनिवार

झालं नव्हतं. दुपारी टब दुरुस्तीनंतर पहिल्यांदाच काठोकाठ भरला आणि मी स्वतः आत बसले. पाणी २०० किलो, वर माझं वजन. दहा मिनिटांत खालून टप टप आवाज. भोकाच्या बाजूचा कोपरा ९ मिमी खाली गेला होता आणि पाइपचा सांधा ओढला जाऊन गळत होता.

रिकाम्या टबाची लेव्हल आम्ही घेतली होती. विटा ज्या वाळूवर ठेवल्या ती पाच वर्षं ओव्हरफ्लोचं पाणी पिऊन पोकळ झालेली होती. तिच्यावर टब टेकवला ही गवंड्याची नाही, माझी चूक. १५ तारखेला वाळू ओली दिसली तेव्हाच ती पूर्ण उपसायला हवी होती. चाचांना फोन केला. त्यांनी येऊन सांधा कापला आणि नवा टाकला. त्यांचा तिसरा दिवस त्यात गेला.

२९ डिसेंबर, रविवार

टब पूर्ण बाहेर काढला. सगळी वाळू उपसली, खाली कोब्याचा टणक थर लागेपर्यंत. कोबा दिवसभर पंखा लावून वाळवला. संध्याकाळी गवंड्याने भोकाची आणि पाइपची जागा सोडून बाकी तळाखाली मालाचा जाड थर पसरला, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर टब दाबून बसवला. टब विटांच्या चार टोकांवर नाही, अख्ख्या पाठीवर टेकला पाहिजे.

मग माल ओला असतानाच टबात १०० लिटर पाणी भरून ठेवलं, म्हणजे वजनाने जे बसायचं ते आत्ताच बसेल. लेव्हल त्या भरलेल्या टबावर घेतली. डास बसू नयेत म्हणून वर साडी पसरून कडा विटांनी दाबल्या.

गवंडी म्हणाला, "उद्या येळवस, परवा बी कुणी यायचं नाही. चार दिवस हात लावू नका." मला तेच हवं होतं.

३० डिसेंबर, सोमवार

वेळ अमावस्या, म्हणजेच येळवस, आमच्याकडचा शेतात जाऊन करायचा सण. शहर रिकामं. आम्हीही आत्यांच्या माहेरी शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातलं आंबील. टबाचं काम काही नाही.

४ आणि ५ जानेवारी २०२५

पाणी सोडलं. लेव्हल तपासली, हललेली नाही. टब खाली आल्याने भिंतीची टाइल आणि टबाचा काठ यांच्यात पाचरीसारखी फट पडली होती, एका टोकाला ४६ मिमी, दुसरीकडे काहीच नाही. तिथे काळ्या ग्रॅनाइटची पट्टी उताराची कापून बसवली. तडकलेल्या दोन टाइल बदलल्या. जुन्या उरलेल्या टाइल गच्चीवर ठेवल्या होत्या म्हणून रंग जुळला. कट्टा पुन्हा बांधताना भोकाच्या बाजूला दीड फुटाचं पीव्हीसीचं दार ठेवलं. ते पाच वर्षांपूर्वी असतं तर मला १५ तारखेचे सहा तास लागले नसते.

सिलिकॉन दोनदा लावावं लागलं. पहिल्यांदा शनिवारी संध्याकाळी घाईने लावलं, फट आतून दमट होती आणि ट्यूब साधी, १८० रुपयांची. सकाळी नखाने ओढली तर दोरीसारखी सोलून आली. दुसऱ्यांदा फट केस वाळवायच्या ड्रायरने कोरडी केली, बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन आणलं आणि टब पाण्याने भरून मग लावलं. भरलेल्या टबाने फट जास्तीत जास्त उघडलेली असते. रिकाम्या टबाला लावलं तर पहिल्याच आंघोळीला ते ओढलं जाऊन फाटतं. २४ तास तसंच ठेवलं.

शेवटची चाचणी टब पूर्ण भरून, आत्या बसलेल्या असताना घेतली. पाणी ओव्हरफ्लोपर्यंत चढलं, टीमधून खाली गेलं, दारातून हात घालून सगळे सांधे चाचपले, कोरडे. बूच काढल्यावर पूर्ण टब ७ मिनिटांत रिकामा झाला. आत्या उठायच्या आधीच पाणी गेलं आणि त्यांना थंडी वाजली, तेव्हा आता त्या बाहेर आल्यावरच बूच काढतो. उठताना धरायला भिंतीला स्टीलचा दांडा लावला, तो आधीचा घरात होता.

खर्च: चाचांचे तीन दिवस ३,०००, गवंड्याचे तीन दिवस २,७००, मजुराचे दोन दिवस १,२००, पाइप आणि फिटिंग ६४०, ग्रॅनाइट ४८०, सिमेंट-विटा ५२०, टाइलचा चिकट माल आणि ग्राउट ३१०, दार ५५०, चांगलं सिलिकॉन दोन ट्यूब ६४०, साधं १८०, कॅमेरा ७५०, पंप १५०, पावडर १८०, पहिल्या प्लंबरचे ३००. एकूण ११,६००. यातले २,३०० सरळ वाया गेले: पावडर, साधं सिलिकॉन, कापून टाकलेली फिटिंग, पहिल्या प्लंबरची फेरी, आणि वाळूवर टब टेकवल्यामुळे गवंडी-मजुराचा दुसरा दिवस. २०२२ चे साडेसहा हजार वेगळे.

९ फेब्रुवारी, रविवार

महिना झाला. आत्या दर रविवारी आणि गुरुवारी बसतात. शंभर लिटरची चाचणी आज पुन्हा घेतली, ३ मिनिटं ४५ सेकंद. तळाला पाणी राहत नाही. साबणाचा वास दुसऱ्या आठवड्यात एकदा आला होता, तेव्हा गरम पाण्याची बादली चुकली होती. दाराचं लोखंडी चुंबक गंजायला लागलंय, ते बदलायचं आहे.

देवघराच्या छताचा डाग कडेपासून आत सुकत चाललाय. मी पेन्सिलने त्याची कड आखून तारीख टाकते आहे, आजची रेघ पहिल्या रेघेच्या चार बोटं आत आली. पूर्ण सुकेपर्यंत पोपडे खरवडायचे नाहीत, मग प्लास्टर. पाइपची सगळी मापं, ढाळ आणि सांध्यांच्या जागा टबाच्या दारामागच्या विटेवर ऑइलपेंटने लिहून ठेवल्या आहेत.